सात वाजण्यापूर्वीची पन्नास मते

पर्वत पाटिया, सुरत
१४ फेब्रुवारी

चि. गायत्री,

एका कोड्यापासून सुरुवात करतो. मत देताना ते तुझ्याही लक्षात आले असेल. बटण दाबले की यंत्र लांबलचक आवाज काढते. लिफ्टचे बटण दाबले तर कुठे काही वाजत नाही, मोबाइलवर बोट टेकवले तर टिचकीएवढे वाजते. मग या यंत्रानेच इतका वेळ का ओरडावे? मत नोंदले गेले एवढे कळायला क्षणभराचा आवाज पुरला असता.

उत्तर असे की तो आवाज मतदारासाठी नाहीच. तो खोलीतल्या बाकीच्यांसाठी आहे. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार एकटा असतो. त्याने कोणाला मत दिले हे कोणीही पाहायचे नाही. पण त्याने एकदाच मत दिले हे सर्वांना कळले पाहिजे. म्हणून जे डोळ्यांना नाकारले, ते कानांना दिले. टेबलावरच्या नियंत्रण यंत्रावर ‘बॅलट’ची कळ दाबली की आडोशामागच्या यंत्राला एका मताची परवानगी मिळते. एक आवाज, एक मत. पुढची परवानगी मिळेपर्यंत मतदाराने दहा वेळा बोट दाबले तरी यंत्र मुके राहते. किती साधी आणि किती सुंदर युक्ती! वीस वर्षे निवडणूक कर्मचाऱ्यांना मी हे शिकवत आलो आणि एकदाही कंटाळलो नाही.

आता मूळ विषय. तू निवडणूक कार्यालयाला दिलेल्या अर्जाची प्रत माझ्याकडे आली आहे. एकतीस मार्चपर्यंत माझा अभिप्राय मागितला आहे. क्रमाने मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही, म्हणून तुला ठाऊक असलेलेच पुन्हा लिहितो.

डिसेंबरात कोसाडच्या वॉर्डाची पोटनिवडणूक झाली. संगणकाने पथके ठरवली आणि माझ्या पथकात तू आलीस. “सर, तुम्ही आमचे प्रिसाइडिंग? मग तर मला काही वाचायलाच नको ने!” असे तू म्हणालीस. मी केंद्राध्यक्ष, तू नियंत्रण यंत्रापाशी बसलेली मतदान अधिकारी. सकाळी नियमाप्रमाणे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल घेतला, म्हणजे यंत्र नीट चालते का हे पाहण्यासाठी पन्नास खोटी मते दिली. ती ‘क्लिअर’ची कळ दाबून पुसायची आणि मग खरे मतदान सुरू करायचे असते. ती पुसली गेली नाहीत. संध्याकाळी नोंदवहीत सहाशे अकरा मतदार होते आणि यंत्रात सहाशे एकसष्ट मते. केंद्रावरचे मतदान रद्द होऊन पुन्हा घ्यावे लागले. अहवालात मी लिहिले की क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन आल्याने मी व्हरांड्यात गेलो, जाताना मते पुसण्याची सूचना तुला दिली, आणि ती तुझ्याकडून राहून गेली. त्या अहवालामुळे शाळेतली शिक्षिका म्हणून तुझी वर्षावर्षाची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही.

तुझ्या अर्जात एक ओळ आहे: “यंत्राला सील लावण्यापूर्वी मी सरांना क्लिअरबद्दल विचारले होते.” गायत्री, तू खोटे लिहितेस असे मी म्हणणार नाही. तू चुकते आहेस एवढेच म्हणतो. चूक घडून गेल्यावर, जे करायला हवे होते ते आपण केलेच होते अशी स्मृती मन तयार करते. यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग केलेले आहेत. शांतपणे आठवून पाहा. ती ओळ मागे घेतलीस तर बाकीच्या अर्जाला मी मनापासून पाठिंबा देईन. पुढल्या वर्षी तुझी नेमणूक पुन्हा व्हावी, ही माझी प्रामाणिक इच्छा आहे.

तुझा,
भूपेंद्र सैंदाणे


पर्वत पाटिया
२ मार्च

चि. गायत्री,

तुझे उत्तर नाही. कदाचित माझे पत्र नीट उलगडले नसेल, म्हणून राहिलेला एक मुद्दा लिहितो. तो सह्यांचा आहे.

मॉक पोल झाला, मते पुसली, यंत्र शून्यावर आणले, अशा मजकुराचे प्रमाणपत्र असते. त्यावर केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी आणि उमेदवारांचे प्रतिनिधी सह्या करतात. नियम असा की आधी मते पुसायची, मग सही. चाल अशी की आधी सह्या. प्रतिनिधी चहाला जातात, ते वेळेवर सापडत नाहीत आणि सात वाजता दार उघडावेच लागते. म्हणून सगळे कागद पुढे ठेवून सकाळी सहाच्या आधीच सह्या उरकून घेतात. कोणत्याही पुस्तकात हे लिहिलेले नाही. प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत मीच सांगत असे, “सह्या आधी घेऊन टाका, नंतर धावपळ होते.” लोक हसून वहीत लिहून घेत.

म्हणून त्या सकाळी यंत्रात एकही मत पडण्यापूर्वी ‘मते पुसली’ या वाक्याखाली पाच सह्या होत्या. त्यात तुझीही होती. कार्यालय तुला दुहेरी दोषी धरते ते यामुळे: पुसले नाही, आणि पुसले म्हणून सही केली.

काल कोसाडला गेलो होतो. आवास वसाहतीच्या नाक्यावर धुडकूभाऊ भेटले. लूमवर काम करणारे, त्या दिवशी एका उमेदवाराचे प्रतिनिधी होते ते. चहाच्या टपरीवर चार लोकांसमोर त्यांनी मला थांबवले.

“सर, मशीन रिकामं शे म्हनी मी सही करी व्हती ना? मंग पन्नास मतं कोठून वनात?”

“ती चाचणीची होती, धुडकूभाऊ. तुमच्यासमोरच दिली होती की आपण. पुसायची राहिली.”

“ऱ्हायनी? कागदवर त लिखेल शे, पुसी टाकी. मंग कागद खोटा का तुम्ही खोटा?”

बाकावरचा एक जण म्हणाला, “आमीन उपाशी रांगमा उभा, आनि मशीन सकायमाच नाश्ता करीसन वनं व्हतं!”

सगळे हसले. टपरीवाल्याचा हात गाळणी धरून थांबला, इतका हसला तो. मी यंत्राची रचना समजावू लागलो. त्याला बाहेरची कोणतीही तार जोडलेली नसते, बाहेरच्या कशाशीही त्याचा संबंध नसतो, केंद्रावर कोणते यंत्र जाणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. ते ऐकत होते, पण मी शाळेतला धडा वाचून दाखवत असल्यासारखे ऐकत होते. फेरमतदानाला त्या केंद्रावर दोनशे सत्याऐंशी माणसे आली. मंगळवार होता, पाळी सोडून दुसऱ्यांदा कोण येणार? पण धुडकूभाऊंचे म्हणणे वेगळे पडले. “रजा भेटती सर. पन कसाले?”

मला सर्वांत जास्त हे लागले आहे. यंत्राने काहीही चूक केली नव्हती. दिलेली सर्व मते त्याने मोजली, सांगितलेले सर्व लक्षात ठेवले. खोटा निघाला तो पाच सह्यांचा कागद.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

भूपेंद्र सैंदाणे


पर्वत पाटिया
१६ मार्च

चि. गायत्री,

मी आज कामरेजला येऊन गेलो, हे तुला कळलेच असेल. घर शोधायला वेळ लागला नाही. ओट्यावर साड्यांचे गठ्ठे होते आणि तुझी आई, सुंदराबाई, धागाकटिंग करत बसल्या होत्या. दुसरी कात्री शेजारी ठेवलेली होती. साडी अर्धी उलगडलेली होती आणि चहाच्या दुसऱ्या कपातून अजून वाफ येत होती.

“गायत्री आहे का?” मी विचारले.

“ती घर नही शे, सर.” मग त्यांनी कात्री खाली ठेवली. “शे. पन तुमनाकरता नही.”

मी उभाच राहिलो. त्यांनी पाणी दिले. पाहुण्याला पाणी द्यायचे त्यांनी सोडले नाही. मग म्हणाल्या, “सर, तुम्हीन इतला शिकेल शेतस. मनी पोर आठवीमा व्हती तवय घर ईसन सांगे, आमना सर एक गोष्ट तीनदा समजाडतस. मंग हाई एक गोष्ट तुम्हीन साहेबले एकदा बी समजाडी नही?”

“कोणती, बाई?”

“ती तुमले माहीत शे.”

आतल्या खोलीतून भांडे ठेवल्याचा आवाज आला. तू दारामागेच होतीस.

कामरेज माझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहे. परत येताना त्या बसमध्ये मी ठरवले की एक गोष्ट दुरुस्त करायची. क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन आला नव्हता. त्या सकाळी मी खोलीतून बाहेर गेलोच नाही. अहवालात फोन घातला, कारण मी खोलीतच होतो असे लिहिले असते तर दोष दुसऱ्या कोणावर टाकताच आला नसता. संध्याकाळी सहाशे एकसष्ट हा आकडा दिसला. जिल्ह्यातल्या सर्व केंद्राध्यक्षांना हे काम ज्याने शिकवले, त्याच्याच केंद्रावर ही चूक! त्या क्षणी मला तू दिसली नाहीस. नियंत्रण यंत्रापुढची खुर्ची दिसली आणि त्या खुर्चीचा दोष म्हणून मी लिहिले.

मात्र तू मला विचारलेस, हे मला आजही आठवत नाही. ते मी अजून मान्य करत नाही.

भू. सैंदाणे


पर्वत पाटिया
३० मार्च

गायत्री,

उद्या मुदत संपते. हे पत्र लिहून झाल्यावर मी कार्यालयाला द्यायचे निवेदन लिहिणार आहे. आधी तुला सांगायला हवे.

त्या सकाळचे मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. पन्नासावे मत धुडकूभाऊंनी दिले. मी ‘टोटल’ची कळ दाबून पडद्यावरचा आकडा सर्वांना दाखवला: पन्नास. यापुढे तीन कळा दाबायच्या असतात. ‘क्लोज’, म्हणजे मतदान बंद. ‘रिझल्ट’, म्हणजे कोणाला किती ते पाहायचे. ‘क्लिअर’, म्हणजे सर्व पुसायचे. घड्याळात सात वाजायला बारा मिनिटे होती. मगनभाई, दुसऱ्या उमेदवाराचे प्रतिनिधी, “साहेब, बधुं बराबर छे, हुं चा पीने आवुं” म्हणून चहाला निघून गेले. तेव्हा धुडकूभाऊंनी विचारले, “सर, बटन मी आठे दाबं. पन मत कोठे जास?”

गायत्री, वीस वर्षांत मला हा प्रश्न इतक्या सरळपणे कोणी विचारला नव्हता. प्रशिक्षणाला येणारे कर्मचारी भत्ता कधी, बस कुठे, जेवण कोणते एवढेच विचारतात. आणि इथे बारा तासांच्या पाळीवरून आलेला एक माणूस विचारत होता की माझे मत जाते कुठे. मी रंगून गेलो. आडोशामागच्या यंत्रापासून टेबलावरच्या यंत्रापर्यंत तार कशी जाते ते दाखवले. आकडा वीज गेल्यावरही आत कसा टिकून राहतो ते सांगितले. मग म्हणालो, “आणि आता हे सर्व पुसले जाते. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. प्रत्येक नावासमोर शून्य, शून्य, शून्य असे पडद्यावर सरकत जाते. पाटी कोरी.” हातवारे करून मी ती शून्ये सरकवून दाखवली. हवेत. धुडकूभाऊ मान डोलावत होते. तीन कळांचे मी इतके सुरेख वर्णन केले की त्या दाबायचे काम मला उरलेच नाही.

आणि तू म्हणालीस, “सर, क्लिअर राहिलं ने?”

होय. तू म्हणालीस. तू उभी होतीस, डाव्या हातात सीलचा कागद धरलेला होता. मी तुझ्याकडे वळूनही पाहिले नाही. मी म्हणालो, “बेटा, तेच तर सांगतोय.”

मी तुझा शिक्षक होतो. मी सांगतोय म्हणालो म्हणजे झाले असणार, असे तुला वाटले. मग बाहेर रांगेतून कोणीतरी ओरडले, “ओ साहेब, खोलो ने, सात वागी गया!” आणि मी सील लावले. पहिल्या मतदाराआधी आकडा शून्य आहे का हे पाहायचे असते; तेही पाहिले नाही. दिवसभर दर दोन तासांनी वर कळवायचा आकडा तू नोंदवहीतून देत राहिलीस, तसाच द्यायचा असतो. त्यामुळे संध्याकाळपर्यंत कोणाला काही कळले नाही.

हे मला डिसेंबरातच आठवत होते का? तू हाच प्रश्न विचारशील. शब्दांत आठवत नव्हते. पण पहिल्या पत्रात मी तुला ‘तीच ओळ’ मागे घ्यायला सांगितली. बाकीच्या एकाही ओळीला हात लावला नाही. ज्याला काही आठवत नाही त्याला नेमकी ओळ कशी सापडली?

निवेदनात हे सर्व लिहितो. फोन नव्हता, सूचना दिली नव्हती, तू आठवण करून दिली होती, दोष पूर्णपणे माझा. उद्या स्वतः नेऊन देतो आणि पोच घेतो. तुझी नेमणूक परत मिळेल. ती मिळायलाच हवी.

भूपेंद्र


पर्वत पाटिया
२४ एप्रिल

गायत्री,

निवेदन दिले. पोच घेतली. आज तोंडी उत्तर मिळाले. लेखी मिळणार नाही.

टेबलामागच्या बाईंनी फाइल उघडली. त्या सौम्यपणे बोलत होत्या, मला दटावलेही नाही. “साहेब, पांच जणनी सहीवाळो कागळ साचो, के तमारो एकलानो?” पाच जणांच्या सहीचा कागद खरा की माझा एकट्याचा, असे त्या विचारत होत्या. मग हिंदीत म्हणाल्या, “पहले रिपोर्ट में आपने लिखा फोन आया. अब लिखते हो नहीं आया. दोनों पर आपकी ही साइन है. हम कौन-सी मानें?”

मी म्हणालो, “दुसरी. मी शपथेवर सांगतो.”

“पहली वाली भी आपने शपथ पे ही दी थी.”

त्यांनी एक वाट दाखवली. प्रतिनिधींपैकी कोणी लिहून दिले की सकाळी मते पुसली गेली नव्हती आणि सह्या आधी झाल्या होत्या, तर फाइल वर जाईल. मी मगनभाईंकडे गेलो. ते चहाला गेले होते, त्यांनी काही पाहिले नव्हते. खरेच पाहिले नव्हते. मग धुडकूभाऊंकडे गेलो. त्यांनी मला लूमच्या गडगडाटातून बाहेर आणले आणि सर्व ऐकून घेतले. तूही त्यांना आठवत होतीस, “ती शिकेल पोर”.

“सर, मी लिखी दिऊ का पुसं नव्हतं, त मी खोटी सही करी असं व्हस. मंग उद्या माले इचारतीन, किती पैसा लिधात?”

“पण धुडकूभाऊ, एका मुलीची नोकरी गेली आहे.”

“माले वाईट वाटस. पन एक सांगू? तुम्हीन आथा म्हंतस तेबी माले पटत नही. मशीनमा पयलेपासून व्हतात ती मतं. तुम्हीन त्या पोरना करता आथा आपलावर लेतस. चांगला मानूस शेतस तुम्ही.”

गायत्री, मी खरे बोललो आणि त्या माणसाने ते माझे चांगुलपण समजून खोटे ठरवले. त्या बारा मिनिटांत मत कुठे जाते हे मी ज्याला जीव तोडून समजावले होते, तोच हा माणूस. माझ्यापाशी आता त्याला पटेल असे एकही वाक्य शिल्लक नाही.

आणखी एक आहे. तुझ्या शाळेत चौकशी केली. मराठी माध्यमाचे सहावी ते आठवीचे वर्ग जूनपासून दुसऱ्या शाळेत मिसळत आहेत. पटावर एकोणीस मुले होती. तुझी जागाच राहणार नाही. निवेदन मी डिसेंबरात दिले असते तर तुला निदान दुसऱ्या शाळेत सामावून घेतले असते. यादी जानेवारीत झाली, असे मुख्याध्यापिका जयश्रीबेन म्हणाल्या. म्हणजे मी तुला पहिले पत्र लिहिले तेव्हाच उशीर झालेला होता. मी मात्र त्या पत्रात तुला आवाजाचे कोडे घालत बसलो होतो.

कार्यालयातून निघताना बाईंनी एक पाकीट हातात दिले. मला वाटले, उत्तर असेल. पुढल्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाचे पत्र होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून माझे नाव आहे. फाइलप्रमाणे माझ्यात काही दोष नाही ना. मी ते परत केले तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे साहेब, तमारा जेवुं कोई समजावतुं नथी.” माझ्यासारखे कोणी समजावत नाही म्हणे.

तुला आता मी काही मागत नाही. क्षमाही नाही, ती मागितली तर तुला पुन्हा काहीतरी द्यावे लागेल. फेब्रुवारीत मी तुला लिहिले होते की मन खोट्या स्मृती तयार करते. ते खरे आहे, पण अर्धवट सांगितले होते. खरी स्मृती कशी ओळखायची ते सांगितले नव्हते. त्यासाठी एक चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही. मार्चअखेरीस मी ती त्या सकाळवर करून पाहिली.

कागदाच्या डाव्या बाजूला त्या सकाळी मी केलेल्या गोष्टी एकाखाली एक लिहिल्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकीची फक्त त्याच दिवशीची एक खूण लिहिली. ‘टोटल दाबले’: धुडकूभाऊ म्हणाले, “पुरा पन्नास.” ‘सील लावले’: लाख माझ्या अंगठ्याला चिकटली, दुपारपर्यंत निघाली नाही. ‘गायत्रीने विचारले’: तिच्या हातातला सीलचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. ‘क्लिअर दाबले’: पडद्यावर सरकणारी शून्ये. ती मला स्पष्ट दिसतात. पण ती त्या दिवशीची नाहीत. वीस वर्षांच्या प्रशिक्षणांतली आहेत, कोणत्याही दिवशीची. ती मी खोडली. ती एकच जागा कोरी राहिली.

तूही करून पाहा, कोणत्याही साध्या दिवशी. दुपारी जेवण झाले की कागद घे. सकाळी हमखास केलेल्या पाच गोष्टी लिही: गॅस बंद केला, दाराला कडी लावली, आईला औषध दिले, अशा. प्रत्येकीसमोर अशी एक खूण लिही जी फक्त आजची असेल, कालची असू शकणार नाही. घाई करू नकोस. पण ‘रोज करते म्हणजे आजही केलेच असणार’ हे उत्तर धरायचे नाही. मग कोऱ्या राहिलेल्या जागा मोज.